एकाच पत्र्याखाली शेळ्या ठणठणीत, मेंढ्या मात्र लाल मुतून गेल्या. खनिज मिश्रण जास्त होऊ शकतं का?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नोकरीपायी कोथरूडला राहतो, पण घर पुरंदरात, जेजुरीपासून थोडं आत. धाकटा भाऊ दोन वर्षांपासून बंदिस्त मेंढीपालन करतो. ३२ माडग्याळ मेंढ्या, ११ उस्मानाबादी शेळ्या आणि आईची एक म्हैस. सगळं एकाच पत्र्याखाली, गव्हाण तेवढी वेगळी.

मागच्या महिन्यात तीन नर चाकणच्या बाजाराला नेले. भाव पाडून मागितला म्हणून तसेच परत आणले. तिसऱ्या दिवशी एकाने खाणं सोडलं. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी कोकमाच्या आगळासारखी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. त्याच्या मागोमाग दुसरा. मग बाजाराचं तोंडही न पाहिलेली एक गाभण मेंढी, पोटात दोन कोकरं. गोचीडताप समजून इंजेक्शनं झाली, उपयोग शून्य. शेळ्यांना शिंकसुद्धा नाही! म्हणून आम्हाला वाटलं फक्त मेंढ्यांचीच काहीतरी साथ आहे.

चौथी गेल्यावर शवविच्छेदन करून घेतलं आणि नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागात दिले. निदान आलं: यकृतात तांबं प्रमाणाबाहेर. भाऊ म्हणतो, "तांबं? आपल्याकडे तर घंगाळसुद्धा विकून झालं!"

शोधता शोधता खनिज मिश्रणाच्या पोत्यापाशी आलो. पोत्यावर गायीचं चित्र. दुकानदार म्हणाला होता, गायीला चालतं ते मेंढीला न चालायला काय झालं. भाऊ वर्षभर रोज प्रत्येकीला एक मूठ घालत होता. कोकरं भराभर वाढावीत, मेंढ्या लवकर गाभण जाव्यात म्हणून. ताकदीच्या वस्तूने जनावर मरतं का? जाणकारांनी सांगावं.

---

जावळीची_वाट
सोमवार, रात्री १०:३१

वाईट वाटलं. वाचतेय.

---

सदाशिवपेठी_साशंक
सोमवार, रात्री ११:०५

अहो, आम्ही रोज सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितो. वडील ८८ वर्षांचे आहेत. आम्हाला काही होत नाही आणि मेंढी मरते हे काही पटत नाही. पोत्यात भेसळ असणार. नमुना तपासला का?

---

वैद्य_गोठेवाले
मंगळवार, सकाळी ६:५०

निवृत्त पशुवैद्यक आहे. सकाळच्या चहाबरोबर लिहितोय, लांबेल.

साशंकराव, तुमच्या वडिलांचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. मेंढीचं यकृत ह्या बाबतीत कंजूष. आलेलं साठवतं, टाकताना हात आखडतं. महिनोन्महिने साठत राहतं आणि वरून जनावर अगदी गुटगुटीत दिसतं. मग एक दिवस काहीतरी ताण येतो: ट्रकचा प्रवास, खुराकातला बदल, उपास, गाभणपणाचे शेवटचे दिवस. यकृताच्या पेशी फुटतात आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. तिथे तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा रंग लघवीत येतो, कावीळ होते. दोन-चार दिवसांत खेळ संपतो. तुमच्या नरांना चाकणने मारलं नाही, चाकणने फक्त काडी ओढली. गाभण मेंढीला तर बाजाराचीही गरज पडली नाही.

शवविच्छेदनात मूत्रपिंडं निळसर काळी, तोफेच्या नळीसारखी दिसली असतील. विचारून बघा.

आता हिशेब. पीपीएम म्हणजे किलोत एक मिलिग्रॅम, एवढं लक्षात ठेवा. मेंढीला आहारात ७ ते ११ पीपीएम तांबं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ साली सहन होण्याच्या मर्यादा दिल्या, त्यात मेंढीला १५, गायीला ४०, डुकराला आणि कोंबडीला २५०. गरज आणि विष यांत मेंढीच्या बाबतीत बोटभर अंतर आहे. शेळीला मेंढीपेक्षा बरंच जास्त सोसतं. म्हणून तुमच्या शेळ्या वाचल्या.

भेसळीची गरजच नाही. भारतीय मानकाच्या चांगल्या मिश्रणात तांबं साधारण ०.१ टक्का असतं, म्हणजे ५० ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम. दुभती गाय दिवसाला १५ किलो कोरडं खाते, तिची गरज १५० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात हे ५० कुठल्या कुठे जिरतात. मेंढी खाते सव्वा किलो. तिची दिवसाची कमाल मर्यादाच होते १८-१९ मिलिग्रॅम. कऱ्हाकाठ, भावाची मूठ किती ग्रॅमची आहे?

---

कऱ्हाकाठ
मंगळवार, दुपारी १:२०

डॉक्टर, भावाने आत्ता आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मूठ मोजली. तीनदा. ३१, ३६, ३४ ग्रॅम.

मूत्रपिंडं काळी होती. भावाला वाटलं होतं उन्हात राहिल्याने झाली.

---

वैद्य_गोठेवाले
मंगळवार, दुपारी १:४५

म्हणजे मिश्रणातूनच ३४ मिलिग्रॅम. चारा-खुराकातले आठ-दहा धरा. मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि तेही वर्षभर. उरलेल्या मेंढ्यांचं मिश्रण आजच थांबवा. त्यांचं रक्त काढून यकृताची एन्झाइमं तपासून घ्या, कारण ती लाल लघवीच्या काही आठवडे आधीच वाढलेली असतात. ज्यांची वाढलीत त्यांना हलवू नका, पळवू नका, कातरू नका.

उपचार आहे. मोलिब्डेनम आणि गंधकाचे क्षार पोटातून देतात, ते तांब्याला धरून बाहेर काढतात. डोस इथे लिहिणार नाही, मागू नका. तो तुमच्या डॉक्टरांनी जनावर बघून ठरवायचा.

---

अंजीरवाला
मंगळवार, दुपारी ३:१०

मी पण पुरंदरचाच. दादा, अजून एक विचारतो. बांधावरच्या अंजिराला नाहीतर डाळिंबाला बोर्डो मारल्यावर खालचं गवत मेंढ्यांना टाकता का? बोर्डो म्हणजे मोरचूद आन चुना. मोरचूद म्हणजे तांबंच की. आमच्याकडं वाड्यावरचे मेंढके फवारलेल्या बागेत मेंढरं घालत नाहीत. म्हातारी माणसं कारण सांगत नाहीत, नको म्हणतात एवढंच.

पावसाळ्यात खुरं सडतात म्हणून मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या काढता का? तहानलेलं जनावर तेच पाणी पितं.

---

कऱ्हाकाठ
मंगळवार, दुपारी ३:२६

दोन्ही करतो. अंजिराखालचं गवतही टाकतो आणि खुरांचं पाणीही करतो. भाऊ गप्प बसलाय.

---

वैद्य_गोठेवाले
मंगळवार, दुपारी ३:४०

अंजीरवाले, शाब्बास. द्राक्षबागेत चरून मेंढ्यांना तांब्याची विषबाधा हा जगभरचा नोंदलेला प्रकार आहे. त्यात कोंबडखतही धरा. काही भागांत स्वस्त प्रथिन म्हणून ते खुराकात घालतात. ब्रॉयलरच्या खाद्यात तांबं भरपूर असतं, ते विष्ठेतून बाहेर पडतं आणि फिरून मेंढीच्या पोटात जातं.

---

खुराड्याची_राणी
मंगळवार, रात्री ८:१५

डॉक्टर, कोंबडीला २५० चालतं वाचून हायसं वाटलं. माझ्या ६० गावरान कोंबड्या आहेत मुळशीत. मीपण खनिजं घालते, अंड्याचं कवच चांगलं यावं म्हणून. कोंबडीला कशाचंच जास्त होत नाही का मग?

---

वैद्य_गोठेवाले
मंगळवार, रात्री ९:०२

ताई, तांबं सोसतं म्हणजे सगळं सोसतं असं नाही. दोन गमती सांगतो.

पहिली जस्ताची. अंड्यावरच्या कोंबड्यांची जबरदस्तीने पिसं गाळायची असली, म्हणजे त्यांना विश्रांती देऊन पुन्हा अंड्यावर आणायचं असलं, तर खाद्यात २०,००० पीपीएम जस्त घालण्याची पद्धत निघाली होती. कोंबडी खाणं कमी करते आणि आठवडाभरात अंडी बंद. विषाचाच हत्यार म्हणून वापर.

दुसरी आयोडीनची. फ्लोरिडा विद्यापीठात १९६० च्या दशकात कोंबड्यांना खाद्यातून वाढतं आयोडीन देऊन पाहिलं. ५००० पीपीएमला अंडी पूर्ण थांबली. आयोडीन काढल्यावर आठवड्याभरात पुन्हा सुरू. म्हणजे कारखाना मोडला नाही, फक्त बंद पडला होता.

त्याच विद्यापीठात १९६५ साली ससे, हॅमस्टर, उंदीर आणि डुकरं यांवर आयोडीनचा प्रयोग झाला. गाभण सशिणींना विण्याआधी दोन ते पाच दिवस २५० पीपीएम आणि त्याहून जास्त दिलं, तर पिल्लं पटापट मेली. फक्त दोन ते पाच दिवस, बरं का. उंदरिणींचं विणं अडलं, दूधही उतरलं नाही. हॅमस्टरच्या पिल्लांचं वजन जरा कमी भरलं. आणि डुकरं? ढिम्म. तेवढ्या आयोडीनने त्यांना काहीच झालं नाही.

साशंकराव, हीच गंमत तुम्हाला पटत नव्हती. एकाला जे सोसतं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही, आणि त्याला तर्क लावता येत नाही. प्रयोग करूनच कळतं.

---

सदाशिवपेठी_साशंक
मंगळवार, रात्री ९:३०

ठीक. तर्क मागे घेतो. वडिलांचं पाणी चालू राहील.

---

डेक्कनची_मांजर
मंगळवार, रात्री १०:४४

अवांतर: माझ्या मैत्रिणीच्या लॅब्रॅडॉरला यकृतात तांबं साठल्याचं निदान झालं होतं. म्हणजे कुत्र्यांतही होतं का?

---

वैद्य_गोठेवाले
बुधवार, सकाळी ६:४०

काही जातींत आनुवंशिक असतं. बेडलिंग्टन टेरिअरमध्ये प्रसिद्ध, लॅब्रॅडॉरमध्येही दिसतं. वेगळा धागा काढा.

---

गवळण_शिरूर
बुधवार, सकाळी १०:१८

हा धागा वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे १४ संकरित गायी आहेत. त्यातल्या तीन उलटतात. दोन-दोन, तीन-तीन वेळा भरवल्या, राहत नाहीत. दुकानातून सल्ला मिळाला की खनिजं कमी पडतात. म्हणून पावडर चालू केली, मग कुणीतरी बोलस (गिळायला द्यायच्या मोठ्या गोळ्या) दिले, मग पातळ बाटली. मीठाची चाटण वीट गव्हाणीत टांगलेलीच आहे. चारी चालू आहेत. गायी अजून उलटतातच. आता ही खनिजंच आड येत असतील का?

---

वैद्य_गोठेवाले
बुधवार, दुपारी १२:३०

येऊ शकतात, पण आधी एक सांगतो. गाय उलटण्याची पहिली कारणं खनिजांत नसतात. माज नीट न ओळखणं, चुकीच्या वेळी भरवणं, व्याल्यावर वजन उतरणं, गर्भाशयाचा दाह, ही आधी बघा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवता ना?

आता चार डबे एकदम चालू असल्याचं. खनिजं एकमेकांचे पाय ओढतात. जस्त जास्त झालं की तांब्याचं शोषण घटतं. लोहही तेच करतं. तुमच्या बोअरच्या पाण्याने बादलीत तांबूस थर बसत असेल तर लोह तिथूनही येतंय. म्हणजे तुम्ही पैसे देऊन तांबं घालता आणि पैसे देऊनच ते अडवता. गाभण मेंढ्यांना ७५० पीपीएम जस्त दिल्याचा प्रयोग झाला आहे, त्यात गर्भपात आणि मेलेली कोकरं निपजली. ज्या कमतरतेसाठी औषध आणलं ती कमतरता औषधानेच तयार होते.

सगळ्यांत शिकवणारी गोष्ट मोलिब्डेनमची. इंग्लंडात सॉमरसेट भागात काही कुरणं अशी होती की तिथे चरलेल्या गायी हगवणीने खंगायच्या, काळे केस मातकट व्हायचे. पिढ्यान्पिढ्या लोक त्या कुरणांना नावं ठेवत, कारण कळत नव्हतं. १९३८ मध्ये उलगडलं की त्या गवतात मोलिब्डेनम जास्त आहे. ते पोटात गंधकाशी जुळून तांब्याला असं काही धरून बसतं की गायीला तांबं मिळतच नाही. पुढे कालवडींवर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की आहारात फक्त ५ पीपीएम मोलिब्डेनम असलं तरी कालवडी उशिरा माजावर येतात आणि कमी राहतात.

आणि गंमत बघा, मेंढीच्या तांब्यावर औषध म्हणून मी काल जे सांगितलं ते हेच मोलिब्डेनम आणि गंधक.

तुमच्यासाठी: आयोडीन त्या चार डब्यांपैकी किती डब्यांत आहे ते वाचा. जास्त झालं तर गायीचे डोळे-नाक गळतात, ठसका लागतो, कातडीवर कोंडा येतो. ते आयोडीन दुधातही उतरतं, म्हणजे तुमच्या गिऱ्हाईकाच्या घरी पोहोचतं.

---

गवळण_शिरूर
बुधवार, दुपारी १:१५

दोन गायींचं नाक महिनाभर गळतंय. सर्दी म्हणून हळद-गूळ देत होते.

---

छावणी
बुधवार, दुपारी ४:००

मी नोकरीत पंजाबात होतो, होशियारपूर-नवांशहर भागात. तिथे काही गावांत म्हशींची खुरं भेगाळून गळताना पाहिली आहेत, शेपटीचं झुबकं झडलेलं. लोक म्हणायचे जमीनच तशी आहे. नंतर कळलं की शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम आहे, ते गहू-चाऱ्यात उतरतं. इथे आपल्याकडे तर सेलेनियमचं इंजेक्शन व्याल्यावर "वार (जार) पडायला" म्हणून सर्रास देतात. ते चांगलं की वाईट?

---

वैद्य_गोठेवाले
बुधवार, संध्याकाळी ६:२०

कमी असेल तर चांगलं, पुरेसं असताना वर दिलं तर वाईट. सेलेनियमची गरज ०.१ ते ०.३ पीपीएम. ५ पीपीएमला मर्यादा संपते. वार अडकण्यात, कोकराच्या स्नायूंच्या आजारात ते खरंच उपयोगी आहे, म्हणूनच लोकांचा हात सैल सुटतो.

अमेरिकेत दक्षिण डाकोटाकडे हाच खुरं गळण्याचा आजार घोडदळाच्या घोड्यांत १८५० च्या दशकात लिहून ठेवलेला आहे. माने-शेपटीचे केस गळाले, पायांमुळे घोडे चालेनात. प्रजननावरचा परिणाम पाहायचा तर कॅलिफोर्नियातलं केस्टरसन. शेतीचं निचऱ्याचं पाणी तिथल्या तळ्यात साठलं, त्यात सेलेनियम होतं. १९८३ मध्ये पाणपक्ष्यांच्या अंड्यांतून बिनडोळ्यांची, वाकड्या चोचीची पिल्लं निघू लागली.  सेलेनियम अंड्यात उतरलं होतं.

---

रेसकोर्स_रोड
बुधवार, रात्री ९:१०

२००९ ची पोलोची घटना राहिली की. फ्लोरिडात एका संघाचे २१ घोडे सामन्याआधी पटापट कोसळले. ताकदीचं टॉनिक तयार करून घेतलं होतं, त्यात सेलेनियम कित्येक पटींनी जास्त पडलं. एवढ्या महागड्या घोड्यांचं असं झालं, तर आपल्या मुठीचं काय घेऊन बसलात.

---

अंजीरवाला
बुधवार, रात्री ९:३३

डॉक्टर, अजून एक. कांद्याचे भाव पडले की आमच्याकडं जनावरांना कांदा टाकतात. त्यानंही लाल लघवी होते म्हणतात. खरं का?

---

वैद्य_गोठेवाले
बुधवार, रात्री ९:५०

खरं. गायीला जास्त बाधतो, मेंढीला त्यामानाने कमी. म्हणूनच नुसत्या लाल लघवीवरून निदान करू नये. गोचीडताप, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार), कांदा, व्यालेल्या म्हशीत स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता, आणि मेंढीत तांबं. ह्या पाचांची औषधं पाच. स्फुरद कमी असलेल्या म्हशीला गोचीडतापाचं इंजेक्शन देऊन म्हैस गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. एक मीही केलंय, तरुण होतो तेव्हा.

---

सदाशिवपेठी_साशंक
गुरुवार, सकाळी ८:००

डॉक्टर, हे लिहिलंत म्हणून तुमच्यावर विश्वास बसला.

---

कऱ्हाकाठ
१० दिवसांनी, रविवार, रात्री ९:४०

धागा वर काढतोय.

२८ पैकी ९ मेंढ्यांची एन्झाइमं वाढलेली निघाली. उपचार चालू आहेत. मधे एक गेली, तिला लाल लघवी आधीच लागली होती. बाकी आठ खातात. दोघी व्याल्या. एकीचं कोकरू जरा बारीक आहे, पण उभं राहून पितंय.

अंजिराखालचं गवत म्हशीला, आणि तेही फवारणीनंतर पाऊस पडून गेल्यावरच. खुरांचं पाणी आता झिंक सल्फेटचं, आणि मेंढ्यांना आधी पोटभर पाणी पाजून मग त्यातून काढायचं, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. गोखलेनगरच्या शेळी-मेंढी महामंडळात जाऊन आलो. मेंढीचं मिश्रण तांबं न घातलेलं मिळतं हे तिथे कळलं. दोन वर्षं मी रोज त्या भागातून ऑफिसला जातोय, कधी आत गेलो नव्हतो.

---

गवळण_शिरूर
रविवार, रात्री १०:०५

मी तीन डबे बंद केले, पावडर तेवढी ५० ग्रॅमवर ठेवली. नाक गळणं थांबलं. एक गाय राहिली आहे, तपासणी बाकी आहे. पण डॉक्टर, ह्या वेळी माज बघायला मी स्वतः पहाटे उठत होते, म्हणून खनिजांमुळे की उठण्यामुळे, सांगता येणार नाही.

---

वैद्य_गोठेवाले
रविवार, रात्री १०:१२

उठणं चालू ठेवा.

---

जावळीची_वाट
रविवार, रात्री १०:३०

कऱ्हाकाठ, एक विचारायचं राहिलं. ते गायीच्या चित्राचं पोतं उरलं असेल ना, त्याचं काय केलंत?

---

कऱ्हाकाठ
रविवार, रात्री १०:४१

आईच्या म्हशीला घालतोय. रोज ५० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. आई काटा परत मागतेय.